वाळूच्या पट्ट्यापलीकडे

ताईने मास्कच्या काचेवर आतून थुंकी टाकली, बोटाने ती गोल गोल पसरवली आणि होडीच्या कडेवरून वाकून मास्क समुद्रात विसळला. गाईड मुलगी फवाऱ्याची बाटली हातात धरून शेजारीच उभी होती. काचेवर वाफ धरू नये म्हणून हल्ली सगळे हा फवारा मारतात, असं तिने नम्रपणे सांगितलं.

"असू दे," ताई म्हणाली. "आमच्या वेळी फुकटात व्हायचं हे काम."

मुलगी हसली. सकाळी धक्क्यावर भेटल्यावर तिने दोघांना नवरा-बायको समजून काका-काकू म्हटलं होतं. त्यावर ताईने, याच्याशी ज्या बिचारीने लग्न केलं ती घरी आहे, मी नुसती याची बहीण, असा खुलासा केला होता. तेव्हापासून ताई तिची मावशी झाली होती आणि काका मात्र काकाच राहिले होते.

नावाड्याला असली ओळख करून द्यावी लागली नाही. त्याचे केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण होडीत पाय ठेवणाऱ्या भावाकडे त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "काय पंप, अजून आहे का तेवढीच तहान?"

हे नाव त्यानेच ठेवलेलं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी बहीण-भाऊ दर हिवाळ्यात इथे बुड्या मारायला यायचे, तेव्हा सगळ्यांच्या आधी याची पाठीवरची हवेची टाकी रिकामी व्हायची. दिसलेल्या प्रत्येक माशाचं याला आश्चर्य वाटायचं आणि प्रत्येक आश्चर्याला एक मोठा श्वास लागायचा. हा माणूस हवा घेत नाही, जेवतो, असं नावाडी म्हणायचा. ताई उलट. तिच्या टाकीत परतल्यावरही इतकी हवा उरायची, की तेवढ्यात आणखी एक बुडी झाली असती.

पण पाण्याखाली जोडीनेच जायचं आणि जोडीनेच यायचं, हा नियम. टाकीला नळीने जोडलेला एक काटा असतो, तो कमरेशी लोंबतो आणि आत किती हवा उरली ते दाखवतो. दोघांपैकी ज्याचा काटा आधी निम्म्यावर येईल, त्याच्या काट्यावर दोघांनी मागे वळायचं. पंपाचा काटा नेहमी एकाच जागी निम्म्यावर यायचा. प्रवाळाची भिंत जिथे तुटते आणि पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा लागतो, तिथे. त्या पट्ट्याच्या पलीकडे, भिंत पुन्हा सुरू झाल्यावर, कमान होती. खडकाला आरपार पडलेलं भोक, वरून आत पडणारा उजेड आणि त्या उजेडात हजारो चंदेरी मासे जागच्या जागी टांगल्यासारखे. हे सगळं त्यांना ऐकून माहीत होतं. बाकीचे लोक ते पाहून वर यायचे आणि ओल्या अंगाने, एकमेकांना तोडत सांगत सुटायचे. तोवर या दोघांचे केससुद्धा वाळलेले असायचे. ताई आपल्या बेकरीतल्या बिस्किटांचा डबा फिरवत सगळ्यांचं ऐकून घ्यायची. ती कधी काही बोलली नाही. एकदाच, कोणीतरी फारच रंगवून सांगत असताना ती हळूच म्हणाली होती, "बघू कधीतरी."

मग संसार आले, बेकरी वाढली आणि कधीतरी म्हणता म्हणता ताईची साठी उलटली.

या वर्षी पेपरात बातमी आली, की प्रवाळाला सावरायला वेळ मिळावा म्हणून पुढच्या हंगामापासून हा सगळा भाग बुड्या मारणाऱ्यांना बंद. किती वर्षं, ते ठरलेलं नव्हतं. दहा तरी, असं गाईडचं म्हणणं पडलं. ताईने ते ऐकून भावाला सांगून ठेवलं होतं, की तेव्हा मला टाकीसकट उचलून आणावं लागेल, दोन माणसं जास्तीची घे.

बातमी वाचली त्याच दिवशी तो तरणतलावावर जाऊन नाव घालून आला होता. बायकोला सांगितलं वजनासाठी. त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. दिवसातला बराच वेळ अंधाऱ्या शाफ्टमध्ये, लिफ्टच्या टपावर उभं राहून जायचा. तिथे तो श्वास हळू सोडायला शिकला. तो सोडून झाला की मध्ये थोडा थांबायचा आणि मगच आत घ्यायचा. खालून ऐकणाऱ्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याला दम्याच्या डॉक्टरचा पत्ता देऊ केला होता. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. या वेळी काटा निम्म्यावर येण्याआधी वाळूचा पट्टा मागे पडला पाहिजे, एवढंच त्याने ठरवलं होतं.

तिघं एकामागून एक पाण्यात पडले.

वरचा सगळा आवाज एकदम बंद झाला. उरला तो फक्त आपल्याच श्वासाचा घरघराट आणि बुडबुड्यांचा खळखळाट. तो नांगराच्या दोरीला धरून सावकाश उतरला. थोडं खाली गेल्यावर गाईडच्या पायांतल्या लाल फिन्स तपकिरी झाल्या आणि मग जवळजवळ काळ्या. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विझतो, हे त्याला ठाऊक होतं, तरी दर वेळी ते पाहताना त्याला मजा वाटायची. आजही वाटली, पण त्यासाठी त्याने जास्तीचा श्वास घेतला नाही.

भिंत होती तिथेच होती. सुरुवातीचा भाग मात्र पार बदलला होता. जिथे फांद्याफांद्यांच्या प्रवाळाचं रान होतं, तिथे मोडक्या काटक्यांचा ढीग पडला होता आणि त्यावर शेवाळाची मळकट साय धरली होती. गाईडने हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि त्या काटक्यांमध्ये बोट दाखवलं. तळहाताएवढं नवं रोप फुटलं होतं, टोकाला जांभळं. शेजारी आणखी एक. मग नजर बसली तशी ती सगळीकडेच दिसायला लागली. काडेपेटीएवढे निळे मासे त्यांच्यात लपंडाव खेळत होते, सगळे एकदम आत, सगळे एकदम बाहेर. पुढे भिंत खोल होत गेली तसं तिचं जुनं रूप परत आलं. पिवळे पंखे प्रवाहात डुलत होते. एक कासव खडकाला टेकून निवांत चरत होतं आणि या तिघांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पूर्वी दिसायची तेवढीच बेफिकिरी होती ती, आणि तिच्यामुळे त्याला एकदम बरं वाटलं.

ताई त्याच्या डाव्या हाताला पोहत होती. तिची ही जागा ठरलेली. जमिनीवर तिचे गुडघे कुरकुरायचे, होडीत चढताना तिला दोन हात द्यावे लागले होते. इथे ती मांजरीसारखी सरकत होती. श्वास आत घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, हात पोटाशी घडी घातलेले. मध्येच ती जवळ आली, त्याच्या कमरेचा काटा तिने उचलून पाहिला आणि त्याच्याकडे भुवया उंचावून बघितलं. काटा भरपूर वर होता. तो मनातल्या मनात हसला.

वाळूचा पट्टा आला. गाईड पुढून वळली आणि दोघांना हाताने विचारलं, किती हवा आहे. ताईने पुन्हा त्याचा काटा उचलला, पाहिला आणि बोटांनी उत्तर दिलं. गाईडने मान डोलावली आणि ती पट्ट्यावरून पुढे निघाली. ताई तिच्या मागोमाग. पांढऱ्या वाळूवर तिघांच्या सावल्या सरकत चालल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांतल्या दोन या पट्ट्यावर कधी आल्या नव्हत्या. त्याला वाटलं, आत्ता कोणी दिसलं तर आपण त्याला मिठी मारू.

समोर भिंत पुन्हा उभी राहायला लागली होती. निळ्यात आधी एक गडद डाग, मग त्या डागाच्या मधोमध एक फिकट चीर. तोच असणार तो उजेड. ताईने पायांचा वेग थोडा वाढवला.

तेव्हाच त्याला ते खटकलं. दोन्ही वेळा तिने काटा उचलला होता तो त्याचा. गाईडला उत्तर दिलं तेही त्याचाच काटा पाहून. स्वतःचा तिने पाण्यात उतरल्यापासून एकदाही हातात घेतला नव्हता. पूर्वीही ती बुडीभर त्याच्याच काट्यावर नजर ठेवून असायची, आणि तेव्हा ते ठीकच होतं. तिच्याकडे नेहमी त्याच्याहून जास्त हवा असायची, त्यामुळे त्याचा काटा पाहिला की दोघांचा पाहिल्यासारखं होतं.

तो दोन हात मारून तिच्याजवळ गेला आणि तिचा काटा उलटा करून पाहिला. निम्म्याच्या खाली गेला होता. फार नाही, थोडासाच.

कमानीच्या फटीत आता काहीतरी चमकत होतं. परत येताना प्रवाह पाठीशी असणार, हवा कमी लागेल. थोडासाच तर आहे. लिफ्टच्या कामात लोक रोज त्याला हा शब्द ऐकवायचे. दोर थोडासाच झिजलाय, माणसं थोडीशीच जास्त आहेत. त्यांच्यासमोर तो लिफ्टचं दार पाठीने उघडं धरून, हाताची घडी घालून उभा राहायचा, जास्तीचा माणूस बाहेर येईपर्यंत.

त्याने ताईच्या दंडाला हात लावला आणि परत वळायची खूण केली.

ताईने त्या क्षणी हात पुढे केला तो त्याच्या काट्याकडे. तो पाहून ती गोंधळली. काटा चांगला वर होता. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बरं वाटत नाही का, असं विचारणारी तिची नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती. त्याने मान हलवली, तिचा स्वतःचा काटा उचलून तिच्या हातात दिला आणि त्यावर बोट ठेवलं.

ती बघत राहिली. मग तिच्या तोंडातून बुडबुड्यांचा एक मोठा लोट बाहेर पडला, त्यामागून दुसरा. ती हसत होती. हसू आवरल्यावर तिने कमानीकडे एकदाही मान न वळवता पाय फिरवले आणि परतीची वाट धरली. पूर्वीही ती अशीच वळायची, त्याची खूण पुरी होण्याआधी. तेव्हा त्याला वाटायचं, हिला सोपं जातं. आज स्वतःच्या टाकीत भरपूर हवा असूनही वळताना त्याची मान मात्र दोनदा मागे गेली.

गाईड काळजीने परत आली होती. तिने दोघांचे काटे स्वतः पाहिले आणि आता ठीक आहे, हळूहळू चला, असं खुणावलं. ताई सवयीने पुन्हा त्याच्या डाव्या कुशीला आली, तिचा हात त्याच्या कमरेकडे वळला. त्याने तो हळूच बाजूला केला. तिचा काटा त्याने आपल्या मुठीत धरला आणि छातीवर बोट आपटून दाखवलं. मी बघतो.

ताईचे हात थोडा वेळ तसेच पाण्यात राहिले. मग तिने ते पोटाशी घेतले आणि मान वळवली. आधी भिंतीकडे, मग खाली, मग पाठीवर उलटी होऊन वर, जिथे तिघांचे बुडबुडे चकाकत, मोठे होत उजेडाकडे निघाले होते. भिंतीच्या उथळ भागात एका मोठ्या गोल प्रवाळापाशी ती थांबली. त्याच्याभोवती तिने एक पूर्ण फेरी मारली, आणि मग दुसरी. तो तिच्या मागे मागे फिरला, मुठीतल्या काट्यावर नजर ठेवून. पुरेशी हवा होती अजून. तो तिला घाई करणार नव्हता.

होडीत चढल्यावर तिने टॉवेलसुद्धा घेतला नाही. कमानीबद्दल नावाड्याने विचारलं, त्याला तिने थोडक्यात सांगितलं, की आज पंप बदलला. नावाड्याला ते कळलं नाही आणि तिला सांगत बसायची सवड नव्हती.

"तो गोल दगडासारखा आहे ना," ती गाईडला म्हणाली, "त्याच्यावर इवले इवले रंगीत तुरे आहेत. लाल, पिवळे, एक तर पांढराशुभ्र. माझी सावली पडली की झटकन आत. थोडं थांबलं की पुन्हा बाहेर. हे सगळं नवीन आलंय ना गं? आमच्या वेळी नव्हतं."

गाईड बेल्ट सोडता सोडता थांबली. तसला प्रवाळ वर्षाला बोटाच्या नखाएवढाच वाढतो, तिने सांगितलं. एवढा व्हायला दोन-अडीचशे वर्षं तरी लागली असतील.

"तुम्ही यायचात तेव्हाही तो तिथेच असणार, मावशी. अगदी वाटेवर आहे."

"हो का," ताई म्हणाली. केसांतलं पाणी पिळता पिळता तिने थोडा विचार केला. "मग मला कसा दिसला नाही?"

तिने हे कोणालाच विचारलं नव्हतं. नावाड्याने इंजिन सुरू केलं. भाऊ तिच्यासमोरच्या फळीवर बसून फिन्सचे पट्टे सोडवत होता. दर बुडीला त्या तुऱ्यांवरून हाताची सावली फिरवून त्यांना मिटवायचा खेळ तो पहिल्या वर्षापासून खेळत आला होता. किती वेळा, ते त्याने कधी मोजलं नव्हतं. त्याने पट्टे तसेच ठेवले आणि मान वर केली.

"केवढा मोठा होता म्हणालीस?" त्याने विचारलं.

ताईने दोन्ही हात पसरले. ते पुरेनात.

"तुझाही हात दे इकडे," ती म्हणाली.