देऊळघाटच्या कारखान्याचा पहिला बंब

मित्रांनो, देऊळघाटात शकीलाबींच्या अंगणात, भिंतीच्या कडेला एक काळवंडलेला तांब्याचा बंब उभा आहे. तो मी. माझ्या पोटातून एक जाड नळी गेली आहे. तिच्यात जळण पेटवलं की भोवतालचं पाणी तापतं आणि तोटीतून बादलीत पडतं. मी घडलो तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं.

मला घडवलं शकीलाबींच्या नवऱ्यानं, नजीरभाईंनी. तांब्याचा पत्रा तापवायचा, ठोकायचा, वळवायचा, पुन्हा तापवायचा. त्या ठोक्यांनी त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. त्यांचे भागीदार कारभारी हे शेतकऱ्याच्या घरचे, जिभेवर साखर असलेले. नजीरभाई घडवत, कारभारी विकत. मी त्यांचा पहिला बंब. मला विकायचं नाही असं दोघांनी ठरवलं आणि नमुना म्हणून कारखान्याच्या दारात उभं केलं. 'नजीर-कारभारी कंपनी' ही पितळी पट्टी आधी माझ्या पोटावर बसली.

मग माझे भाऊ गाड्या भरभरून चिखलीला, मेहकरला, सुलतानपूरला जाऊ लागले. मुलींच्या आंदणात बंब देण्याची रीतच पडली. कुडाच्या खोपटाजागी टिनाचं शेड आलं, कामगार आले. कारभारी माझ्या अंगावर थाप मारून गिऱ्हाइकाला म्हणत, "वाजवून पाहा! नातू आंघोळ करीन याच्या पाण्यानं!" तेव्हा मी अभिमानानं खणखणत असे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पैनगंगेत नुसती वाळू राहिली. ज्यांना प्यायला पाणी नाही, ते तापवणार काय? नवा बंब कोणी घेईना. उलट लोक जुने बंब मोडीत घालायला आमच्याच दारी आणू लागले. गोजरबाई नावाच्या म्हातारीनं डोक्यावरचा बंब खाली ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्या तोटीवरचा हात काढला नाही.

कारभारी मोठ्यानं म्हणाले, "भाई, हे सारे फोडा. तांबं शहरात विकू. कामगारायच्या चुली बंद पडून राह्यल्या."

"दुसरं काही सांग. आपलाच माल फोडाले मले नको सांगू."

"मंग कारखाना कशावर चालवू?"

"नको चालवू!"

कारभारी संतापले. दात आवळून, हळूच बोलले, "कानानं तर ऐकू येत नाही, डोयानंही दिसत नाही का बे तुले?"

तेवढं मात्र नजीरभाईंना ओठांवरून स्वच्छ कळलं. त्यांनी हातोडा खाली ठेवला, मला खांद्यावर घेतलं. "हा माहा वाटा. बाकी सारं तुह्यं."

नजीरभाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. इकडे कारभारींनी दुसऱ्या माणसांकडून बंब फोडून घेतले. तो आवाज आमच्या अंगणापर्यंत यायचा. नजीरभाईंना ऐकू येत नसे. मला येई. तांबं संपलं, शेडला कुलूप लागलं, कामगारही खडीवर गेले. कारभारी दोनदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलेले मी पाहिले. दोन्ही वेळा ते तिथूनच परत फिरले.

उन्हाळ्यात एका दुपारी नजीरभाईंना बाजेवर घालून घरी आणलं. खडी फोडता फोडता ते उन्हानं कोसळले होते. सांजेआधीच ते गेले. मयताला आंघोळ घालायची, तर घरात पाणी नव्हतं.

कारभारी कावडीनं दोन घागरी घेऊन आले.

"एवढं पाणी कुठून आणलं, भाऊ?" शकीलाबींनी विचारलं.

"घरचं हाय, भाभी."

"अन् पोरं काय पितील?"

कारभारींनी मला पुसलं, पाणी ओतलं, नळीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. हात घालून पाहत राहिले आणि पाणी कोमट होताच विस्तव ओढून काढला. माणसांनी पाणी आत नेलं. कारभारी माझ्याशेजारी मातीत बसले आणि एकदम ओरडले, "भाई, मी येनारच होतो!" नजीरभाईंशी नेहमी बोलत तसेच, गळ्याच्या शिरा ताणून. अंगणातली माणसं दचकली.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला, पण कंपनी पुन्हा उघडली नाही. शेडचे पत्रेही विकले गेले. कारभारींनी पुन्हा तांब्याला हात लावला नाही. माझा सांधा आता झिरपतो. तो जोडणारं गावात कोणी उरलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर त्याची राख काढत जा, पाणी साचू देऊ नका. आणि ज्याच्याशी भांडलात त्याच्या दारी कधी पाणी घेऊन जायचं असेल, तर त्याला ते पिता येईल तेव्हाच जा.