पाण्याने धुतलेली टाकी

तरुण इंजिनिअर तेजलचा हात ओव्हनमध्ये हवा सोडणाऱ्या वॉल्व्हवर गेला आणि माधवी एक पाऊल पुढे सरकली.

ओव्हनमध्ये हवा काढून वाळवलेली काळी पूड होती. दसऱ्यानंतरचा पहिला माल. आनंदनगरच्या या कारखान्यात टाकीतल्या तेलात बुडवलेल्या दोन लोखंडी सळ्यांमध्ये ठिणगी पाडतात. लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात आणि तेलातलाच कार्बन त्यांच्यावर चढतो. हे कवच नीट बसलं तर पूड म्हणजे गरीब गाय. नाही बसलं, तर वारा लागताच पेटते. टाकीत पाण्याचा अंश राहिला की कवच बिघडतं. म्हणून टाकी तेलानेच पुसायची, पाणी लावायचं नाही.

खंडेनवमीला माधवीने ती पाण्यानेच धुतली होती. कुळगावच्या शेतकरी घरातली बाई. विळा-कोयता धुतल्याशिवाय त्याला कुंकू लावलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. फडक्याने पुसली, कोरडी वाटली. पण काल ठिणगी भलतीच तडतडली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. तरी ती गप्प बसली. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबून सोमवारी कायम व्हायची होती ना!

आता बोलावं तर कायम होणं गेलं, आणि न बोलावं तर या पोरीचं तोंड भाजेल.

"मॅडम, थांबा! वॉल्व्ह खोलू नका!"

"काय झालं, ताई?"

"टाकी मी पाण्याने धुतली. पूजेला. चुकलं माझं."

सुपरवायझर धर्मराज धावत आला. "अक्कल गहाण ठेवली काय, बाई? आणि हे आत्ता सांगतेस?"

"काय बोलायचं ते नंतर बोला, दादा. आधी नायट्रोजन सोडा."

आत हवेऐवजी नायट्रोजन भरल्यावर तेजलने दार जेमतेम उघडलं आणि माधवीने ट्रेवर तेल ओतलं. तेवढ्यात चिमूटभर पूड फरशीवर सांडली. क्षणभर ती काळीच राहिली. मग एका कडेने लाल झाली आणि ती लाली मुंगीच्या चालीने पुढे सरकत गेली. तेजलने नकळत स्वतःच्या गालाला हात लावला.

सोमवारी बाकीच्यांना कायम केल्याची पत्रं मिळाली.

"शेठ बोलले, तुझं पुढच्या वर्षी बघू," धर्मराज खाली बघत म्हणाला.

"बरं," माधवी म्हणाली. तिला रडू येत होतं, पण शिफ्ट सुरू झाली होती. टाकीवरची सुकलेली झेंडूची माळ तिने काढून ठेवली, फडकं तेलात भिजवलं आणि टाकी आतून, मग बाहेरून पुसायला घेतली. पुसता पुसता हात कुंकवाच्या बोटापाशी आला. तेवढं सोडून तिने बाकीची टाकी लख्ख केली.