गोजरचा परवाना

मुरबाडच्या नाक्यावर जमादाराने लॉरी थांबवली, तेव्हा गोजरने अगदी विश्वासाने लाल पुठ्ठ्याचं एक छोटं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते आधी उलटं धरलं, मग सुलटं, मग उन्हात धरून पाहिलं.

"हा कुठला परवाना?"

"किसुमूचा."

"किसुमू? शहापूर तालुक्यात हाय का?"

"आफ्रिकेत हाय."

जमादाराने लॉरीकडे पाहिलं, गोजरकडे पाहिलं आणि पुस्तक मिटून परत दिलं. "मंग आफ्रिकेत चालव."

गोजरचा बाप कुंडलिक मूळचा टोकावड्याचा. तरुणपणी कल्याणच्या इंजिनशेडमध्ये फिटर होता आणि तिथून बोटीत बसून आफ्रिकेतल्या रेल्वेच्या कामावर गेला. गोजर तिकडेच, मोठ्या सरोवराच्या काठी जन्मली. आई लवकर गेली, म्हणून पोर बापाबरोबर कारखान्यातच वाढली. चौदाव्या वर्षी तिने चाक हातात धरलं आणि अठराव्या वर्षी ती कापसाच्या गाठी भरलेली लॉरी एकटी हाकू लागली. पुढे भट्टीच्या धगीने कुंडलिकची नजर अधू झाली, तेव्हा तो म्हणाला, "आता आपल्या गावाला जाऊ." सन अडतीसच्या अखेरीला दोघं आली. गोजर तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि ज्याला बाप आपलं गाव म्हणत होता तो मुलूख तिने पहिल्यांदाच पाहिला.

वर्षभर शेतात काढल्यावर कुंडलिकने कल्याणहून एक जुनी लॉरी घेतली. भात, हिरडा, कोळसा, जो माल मिळेल तो भरायचा आणि कल्याणला पोचवायचा. गोजर चालवणार, यात दोघांनाही काही नवल वाटलं नव्हतं. नवल जमादाराला वाटलं.

पण माणूस वाईट नव्हता. त्यानेच सगळं समजावून सांगितलं. नवा कायदा आलाय, या मुलखात याच मुलखाचा परवाना पाहिजे. परीक्षा घेणारे मोटारसाहेब मंगळवारी कल्याणला बसतात, लॉरी घेऊन त्यांच्यापुढे जायचं. आणि तोवर लॉरी चालवेल तो परवानावाला माणूस.

असा माणूस एकच होता. काळूराम. तो मुरबाड-कल्याण उतारूंची मोटार चालवायचा आणि त्याच्या मोटारीला सायकली मागे टाकून जात. वाटेत देऊळ दिसलं की तो चाक सोडून दोन्ही हात जोडायचा. त्या रस्त्याला देवळं बरीच होती.

मंगळवारी पहाटेच कुंडलिकची बहीण भागी कुडतं-लुगडं नेटकं करून, उकडलेल्या करांद्यांची, रानातल्या कंदांची, टोपली घेऊन लॉरीत चढून बसली.

"आत्या, तू कुठं?"

"पोरीला एकटीला सायबापुढं धाडू व्हय? आनि मी मोटारीत कवा बसले नाय गो. बसू दे."

मुरबाड सुटलं आणि पाच मैलांवर रस्ताच दिसेनासा झाला. समोरून बैल येत होते. पौष पौर्णिमा चार दिवसांवर होती आणि म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेला निघालेले बैल सगळ्या रस्त्याने, रस्त्याच्या कडेने, शेतांच्या बांधांवरून चालले होते. शिंगांना गेरू, गळ्यात घुंगरं, आणि धूळ इतकी की सूर्य चांदीच्या रुपयासारखा दिसत होता. काळूरामने लॉरी उभी केली आणि हात जोडले. देऊळ तिथे नव्हतं.

बैलांच्या मधोमध एक छोटी काळी मोटार अडकली होती. तिच्या नाकातून वाफेचा फवारा निघत होता. मोटारीतून खाकी कोट आणि टोप घातलेला एक उंच माणूस उतरला आणि शिंगं चुकवत, अंग चोरत लॉरीपाशी आला.

काळूराम पुटपुटला, "अरे देवा. हेच ते मोटारसाहेब!"

साहेब घामाघूम झाले होते. जत्रेला येणाऱ्या मोटारी तपासायचा हुकूम ऐनवेळी आला, म्हणून कल्याणचं काम सोडून ते मुरबाडला निघाले होते. बैलांच्या पावलाने चालून चालून मोटार तापली आणि बसली. "अकरा वाजता मुरबाडच्या कचेरीत पोचायचंय. लॉरी वळवा आणि मला घेऊन चला."

काळूरामने मागे पाहिलं. रस्ता अरुंद, दोन्हीकडे चर. वळायला जागा होती ती थेट मागच्या वडापाशी, अर्ध्या मैलावर. तिथवर लॉरी उलटी न्यावी लागणार होती. "सायेब, मला मागं नेता येत नाय. म्हंजे येतं, पन एवढं नाय."

"मग कोण नेईल?"

"मी नेते," गोजर म्हणाली. "पन माझा परवाना नाय. त्याच्यासाठीच तुमच्याकडं येत होते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, टोप काढून कपाळ पुसलं. "बसा चाकावर. परीक्षा इथूनच सुरू."

साहेब तिच्या शेजारी बसले, काळूराम हँडल मारून मागे चढला. भागीआत्या आधीच मागे जाऊन फळीला धरून उभी होती. लॉरी गुरगुरली आणि उलटी निघाली.

"पेंढ्यांच्या शेताकडं घे गो!" आत्या मागून ओरडली. "आता करवंदीकडं! करवंदीकडं! बास! बैल बसलाय!"

गोजर दारातून अर्धी बाहेर वाकून मागे बघत होती. बैलांना किसुमूकडच्या बोलीत "पोले पोले" म्हणत होती, म्हणजे हळू हळू. बैलांना काय कळलं देव जाणे, पण ते मान हलवून बाजूला होत होते.

"बाई, वळताना, थांबताना हाताची खूण करायची असते," साहेब कडकपणे म्हणाले.

गोजरने लगेच हात लांब बाहेर काढला. समोरून येणाऱ्या गुराख्याने आनंदाने हात वर केला. "राम राम!" त्याच्या मागच्यानेही केला. मग बांधावरच्या बायांनी. गोजरने थांबण्याची खूण केली, तर पलीकडच्या शेतातली माणसंही उभी राहून हात हलवू लागली. आत्याला वाटलं, आपणही केलं पाहिजे. तिने दुसऱ्या बाजूने हात काढला. काळूरामला राहवेना, त्यानेही काढला.

साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी तो हाताने झाकला आणि पुढचा प्रश्न विचारला. "अरुंद रस्त्यावर समोरून कोणी आलं, तर आधी वाट कोणाची?"

"पानघोड्याची," गोजर म्हणाली.

"कोणाची?"

"पानघोडा. तळ्यातून संध्याकाळी चरायला येतो. दोन म्हशींएवढा. त्याला वाट दिली नाय तर तो मोटार तळ्यात नेतो."

साहेब हसले. आधी नाकातून, मग तोंडाने, मग असे की टोप मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी पोट धरावं लागलं. "आणि... आणि इथे?"

"इथं बैलांची," गोजर म्हणाली, आणि तीही हसायला लागली. पण चाक हलू दिलं नाही. हसत हसतच तिने वडापाशी लॉरी एका दमात वळवली, एक चाक चराच्या काठावर, एक वडाच्या मुळीवर, मध्ये एका खोंडाला जागा ठेवून. मागे काळूरामने डोळे मिटले होते. आत्याने ते त्याला उघडायला लावले. "बघ रे, शीक!"

पुढे भोंगा वाजवत वाजवत तिने शेवटचा बैल मागे टाकला, आणि एकाएकी रस्ता मोकळा झाला. कापणी झालेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे पळू लागली. थंड वारा तोंडावर आला. गोजरला किसुमूचा तो सरळ लाल रस्ता आठवला, पण क्षणभरच. हाही रस्ता तिला आवडत होता. तिने पाय दाबला. आत्या मागे किंचाळली, आणि ती भीतीने नव्हती किंचाळली.

साहेबांचा टोप उडाला आणि शेतात जाऊन पडला.

"थांबू का, सायेब?"

"थांबू नका!" साहेब ओरडले. त्यांचे केस ताठ उभे राहिले होते आणि ते एखाद्या पाळण्यात बसलेल्या पोरासारखे दिसत होते. "चालू द्या!"

अकराला दहा कमी असताना लॉरी मुरबाडच्या कचेरीपुढे उभी राहिली. साहेब उतरले, केस सारखे केले, चेहरा पुन्हा सरकारी केला आणि टेबलाशी बसले. जमादाराला त्यांनी दौत आणायला सांगितली. नाव, बापाचं नाव, जन्मगाव. जन्मगावापाशी त्यांची लेखणी थांबली. मग त्यांनी ठसठशीत अक्षरात किसुमू लिहिलं, आणि राहण्याच्या ठिकाणी टोकावडे. गोजरने मराठीत सही केली. आत्याने टोपली पुढे सरकवली. साहेबांनी एक करांदा उभ्या उभ्या खाल्ला आणि दुसरा कोटाच्या खिशात टाकला.

काळूराम उतरला तो देवाचे आभार मानत देवळाकडे गेला. मुरबाडच्या बाजारातून गोजर एकटी चाकावर बसून निघाली. आत्या आता पुढे, साहेबांच्या जागी बसली होती आणि ओळखीच्या प्रत्येक बाईला नाव घेऊन हाक मारत होती. पेठेच्या टोकाला ठमी आणि सावळी या दोघी लाकडाच्या मोळ्या विकून परत निघाल्या होत्या. त्यांना घेतलं. मग आणखी चौघींना. टोकावडं यायच्या आत लॉरी बायांनी भरली होती आणि सगळ्या मिळून मोठमोठ्याने बोलत होत्या, कोणाचंच कोणाला ऐकू जात नव्हतं.

कुंडलिक अंगणात उभा होता. त्याला दिसलं नसेल, पण आवाज ओळखू आला असणार.

"बा, मिळाला!"

त्याने कागद हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं, सरकारी शिक्क्याचा उंचवटा चाचपला. "वाच."

तिने वाचला. "पुन्हा वाच," तो म्हणाला. तिने पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत शेजारपाजारची माणसं जमली होती. मग कुंडलिकने कागद घडी करून तिला परत दिला, धोतराचा सोगा खोचला आणि लॉरीचं दार चाचपत शोधलं.

"बा, कुठं जायचंय?"

"मला काय म्हाईत? तू सांग. आता गाव तुझं हाय."

आत्याने सरकून त्याला जागा करून दिली. मागच्या बाया उतरायला तयारच नव्हत्या. गोजरने लॉरी माळशेजच्या बाजूला वळवली.