अकरा दिवस झाकण बंद

सिस्टर रिटायर झाली आणि तीन महिन्यांत घराच्या नाकी नऊ आले. तेहेतीस वर्षं दवाखान्यात नर्स, त्यातली शेवटची नऊ वर्षं वॉर्डची इन्चार्ज. असल्या बाईला एकदम घरी बसवलं तर ती घराचाच वॉर्ड करणार, दुसरं काय! घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याचं ब्लडप्रेशर ती दिवसातून दोनदा मोजायची. तो बिचारा एकदा म्हणाला, "मी ठणठणीत आहे, हाच माझा गुन्हा."

त्याच सुमाराला थोरल्या जाऊबाईंनी बोलावलं. थोरलीच्या परसात वीस वर्षांपासून मधमाश्यांच्या आठ पेट्या होत्या. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि उन्हाळा सरला की ती कायमची लेकीकडे राहायला जाणार होती. तिने एक पेटी सिस्टरच्या हवाली केली.

"ह्या माश्यांनी तुझ्याकडे उन्हाळा काढला तर उरलेल्या सातही तुझ्या. निघून गेल्या, तर रोपवाटिकेवाला सगळ्या नेईल. केव्हाचा मागे लागलाय."

"निघून जातात म्हणजे?"

"आत फार तापलं, पाणी मिळालं नाही, कुणी सारखं छळलं, की भरला संसार टाकून जातात. आपल्यासारख्या कुढत बसत नाहीत."

सिस्टरला त्या सात पेट्या हव्याच होत्या, आणि मधासाठी मुळीच नाही. सकाळी डोळे उघडताच आपल्यावाचून कुणाचं तरी अडलेलं असायचं, ही तेहेतीस वर्षांची सवय होती. आता कुणाचं काही अडत नव्हतं आणि ते तिला आतून खात होतं.

सुरुवात तशी झकास झाली. पेटी परसातल्या झाडाखाली ठेवली, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी गार सावली. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. शेजारी पसरट परातीत पाणी आणि माश्यांना बसायला गोटे. इथवर सगळं थोरलीच्या सांगण्याप्रमाणे. पुढे सिस्टरची अक्कल सुरू झाली. वाट्यांमध्ये ती फिनेल ओतणार होती, नवऱ्याने वेळेवर हात धरला. तरी पेटीच्या कडेला तापमानाचा तक्ता लटकलाच. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा.

उन्हाळा तापला तसा एका दुपारी दोनच्या राउंडला तिच्या तोंडचं पाणी पळालं. पेटीच्या दाराबाहेर माश्यांचा हा एवढा घोस लोंबत होता.

"अहो, ह्या निघाल्या!"

नवरा येऊन बघून गेला. "आत उकडतंय म्हणून बाहेर येऊन बसल्यात. आपण नाही का पायरीवर बसत?"

"पेशंट बेडवर नाही आणि तुम्हाला गंमत सुचतेय!"

तिने तोंडावर जाळी चढवली आणि भर दुपारी झाकण काढलं. पोळं बांधलेली मधली लाकडी चौकट उचलली. आत अंडी आहेत का, राणी जागेवर आहे का, हे नीट दिसावं म्हणून तिने ती आडवी केली आणि सूर्याकडे धरली. एक्स-रे बघायचा तर असाच, हाताला दुसरं वळणच नव्हतं. उन्हाने लोण्यासारखं मऊ झालेलं मेण, त्यात मधाचा भार. अर्धं पोळं चौकटीतून सुटलं आणि थेट पेटीत पडलं.

क्षणात डोक्याभोवती घोंघाट झाला. मनगटावर चार डंख बसले. "बँडेज!" ती ओरडली, आणि नवऱ्याने लांबूनच गुंडाळी फेकली. तिने पोळ्याचा तुकडा चौकटीत बसवला, गॉजच्या पट्टीचे चार वेढे दिले, चौकट परत ठेवली आणि झाकण लावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली आणि तिथे मात्र रडली.

फोनवर सगळं ऐकून थोरलीने आधी एकच विचारलं, "राणी चेंगरली का?"

"दिसली नाही."

"मग आता अकरा दिवस झाकणाला हात लावायचा नाही. पाणी भर, सावली बघ, बस. बाराव्या दिवशी मी येते."

सिस्टरने आयुष्यात ऑपरेशन थिएटरच्या बाहेर थांबणाऱ्या शेकडो नातेवाइकांना "बसा शांतपणे" म्हणून दटावलं होतं. आता स्वतः बसायची वेळ आली, तर जिवाची नुसती घालमेल. हात शिवशिवायचे. माश्या जातायत येतायत, एवढंच दिसायचं. पण त्या राहणार की आवराआवर करतायत, ते कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिचंच ब्लडप्रेशर मोजलं. वाढलं होतं. सातव्या दिवशी तिने तक्ता काढून टाकला, कारण तो लिहायला गेलं की झाकणाकडे हात जायचा.

बाराव्या दिवशी सकाळी सातला थोरली काठी टेकत आली. माश्या शांत व्हाव्यात म्हणून थोडा धूर दिला, झाकण काढलं आणि चौकट सरळ उभी उचलली. पोळं वरच्या पट्टीला पक्कं चिकटलं होतं. गॉज कुरतडून चिंध्या झाल्या होत्या. पोळ्याच्या घराघरात तळाशी एकेक पांढरं अंडं, आणि त्यांच्या मधून राणी सावकाश चालली होती.

"पट्टी छान बांधतेस," थोरली म्हणाली.

सिस्टरचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच चेहरा उतरला. "जोडलं त्यांनीच. मी तर अकरा दिवस काहीच केलं नाही."

थोरलीने चौकट जागेवर ठेवली, झाकण लावलं आणि तिच्याकडे वळली. "ह्या तुला कधी हाक मारायच्या नाहीत, सिस्टर. तू मेलीस तरी ह्यांना पत्ता लागायचा नाही. चालेल?"

सिस्टर पेटीच्या दाराकडे बघत राहिली. माश्या तिला वळसा घालून आपल्या कामाला निघाल्या होत्या.

"नाही चालणार," ती म्हणाली. "पण सवय करीन."

"मग उन्हाळा सरायची वाट कशाला? सातही ने," थोरली म्हणाली.