पलीकडचे तांबडे दगड

त्रेंता खोऱ्यात सोचा नदीचं पाणी मे महिन्यात इतकं हिरवं होतं, की मेंढ्या गवत समजून त्यात तोंड घालतात आणि नाक गारठलं की शिंकत बसतात. फ्लोर्यानच्या मेंढ्यांवर आता खरोखरच नदी चरायची वेळ आली होती. दर वसंतात नदी त्याचं कुरण चार पावलं खायची आणि पलीकडे पावलाबाईचं कुरण तेवढंच फुगायचं. आणखी दोन वर्षं असंच चाललं असतं, तर अकरा मेंढ्यांना हिवाळ्याचा चारा उरला नसता.

"नदी आपणहून कुणाला जमीन देत नसते," तो बायकोला म्हणे. "ती बाई काहीतरी करते."

"सत्तरीची बाई नदी ढकलते?"

"तिचे दंड पाहिलेस?"

हिवाळ्यात बर्फाचे कडे कोसळतात आणि त्यांच्याबरोबर डोंगराचे दगड कुरणात येऊन पडतात. बर्फ वितळलं की ते वेचायचे, हा तिथला रिवाज. फ्लोर्यान आणि त्याआधी त्याचा बाप ते दगड वरच्या वळणावर नदीकाठी ओतत आले होते. पावलाबाई तेच पळवून आपल्याकडे बांध घालत असणार, असा त्याचा संशय. यंदा त्याने खिडक्यांना लावून उरलेला तांबडा रंग काढला आणि एकेका दगडाला फासून ते नेहमीच्या वळणावर ओतले.

पूर ओसरला आणि पलीकडच्या वाळूत तांबडे दगड दिसले. चांगले एकोणीस.

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो झुलता पूल ओलांडून गेला. पावलाबाई दारात बटाटे सोलत बसली होती.

"या, शेजारी. वाट सापडली म्हणायची."

"माझे दगड तुमच्याकडे कसे आले?"

"पोहत." ती सुरी घेऊनच उठली. "चला, वर या."

गवताच्या कोठारामागे चढण होती. तिथून त्याला आपला काठ दिसला. घर वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान होतं. आणि वरच्या वळणावर दोन पिढ्यांच्या दगडांचं एक लांबलचक नाक नदीत घुसलं होतं. पाणी त्यावर आपटून अलीकडे यायचं, पावलाबाईच्या काठावरच्या कातळाला धडकायचं आणि उलटून थेट त्याच्या कुरणाच्या पोटात शिरायचं. कातळामागच्या संथ पाण्यात वाळू बसत होती, तांबड्या दगडांसकट.

फ्लोर्यानने टोपी काढली, पुन्हा घातली.

"हे तुम्हाला कधीपासून दिसतंय?"

"झाली सतरा वर्षं."

"आणि बोलला नाहीत?"

"माझं कुरण वाढत होतं ना. शिवाय तुम्ही कधी विचारलंत?"

त्याला जरा बरं वाटलं. म्हणजे संशय अगदीच वाया गेला नव्हता.

उन्हाळाभर त्याने ते नाक उपसून ढकलगाडीने डोंगराच्या पायथ्याशी नेलं. पलीकडे पावलाबाई दारात बसून बटाटे सोलत बघत असे. पुढच्या वसंतात नदीने त्याचं कुरण वीतभरही खाल्लं नाही.

"झालं ना समाधान?" बायको म्हणाली.

फ्लोर्यान खिडकीतून पलीकडे बघत होता.

"एकटी बाई," तो म्हणाला, "एवढ्या बटाट्यांचं करते काय?"