माझ्या पंख्याला तेल घालू नका

मी एक जुना प्रोसेसर आहे, मित्रांनो. कॉम्प्युटरचा मेंदू. आकाराने बिस्किटाएवढा, पण विचार केला की माझं डोकं तापतं, म्हणून डोक्यावर कायमचा पंखा बसवलेला. त्यामुळे माझं तोंड फारसं कोणी पाहिलेलं नाही.

माझा जन्म वाळूतून झाला. ज्या खोलीत मला घडवलं, तिथे धुळीचा एक कण चालत नसे. माणसं डोळे सोडून सगळं अंग झाकून यायची आणि शिंक आली तर गिळून टाकायची. इतक्या कौतुकात जन्मलेला मी नोकरीला लागलो तो थेट एका घरातल्या भरतकामाच्या खोलीत. तिथे हवा कमी आणि धाग्याचे तुसे जास्त.

त्या घरच्या सासूबाई लहान मुलांच्या कपड्यांवर भरतकाम करून द्यायच्या. त्या चित्र काढायच्या, आणि त्याचे टाके करायचं काम माझं. सुई कुठे खाली जाईल, कुठे वर येईल, धागा कुठे तोडायचा, हे सगळं मी भरतकामाच्या यंत्राला सांगायचो. सुरुवातीला सासूबाई येणाऱ्या प्रत्येक बाईला मला दाखवायच्या. म्हणायच्या, "चहा ओतेपर्यंत ससा तयार करतो."

पुढे तुसे माझ्या पंख्यात शिरले आणि मला कंठ फुटला. घर्रर्र. फोनवर पलीकडून कोणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, घरात विमान नाही, आमचा कॉम्प्युटर आहे. सासरे तर दुपारी झोपताना कानात कापूस घालायचे. मी बोलणी खात होतो आणि ससे करत होतो.

मग घरात सूनबाई आली. येताना तिने स्वतःचा कॉम्प्युटर आणला. त्यातल्या प्रोसेसरला मी मनातल्या मनात धाकटी म्हणू लागलो. तीही जुनीच, पण माझ्यानंतरची. आमच्यातला फरक सोपा आहे. माझ्यात कोअर एकच, म्हणजे काम करणारा माणूस एक, पण हात भलता चपळ. धाकटीत कोअर दोन. माणसं दोन, हात जरा सावकाश. ती तापत नसे, ओरडत नसे. असल्या शेजारणीचा किती राग येतो ते तुम्हाला सांगायला नको.

तरी आम्ही एकाच टेबलावर नांदलो. मग बाळ जन्मलं आणि पंचाईत झाली. आई-आजीला काम करताना बाळ नजरेसमोर हवं, आणि पाळणा ठेवायला खोलीत एकच कोपरा होता. टेबल अर्धं कापल्याशिवाय तो मोकळा होईना. अर्ध्या टेबलावर एकच कॉम्प्युटर मावणार. दुसरा भंगारात.

आता गंमत ऐका. भांडण झालं ते दुसरीचा कॉम्प्युटर ठेवण्यावरून. सासूबाई म्हणाल्या, तुझा नवा आहे, तोच राहू दे. सूनबाई म्हणाली, नाही आई, तुमच्या हाताला याचीच सवय आहे. दोघी इतक्या गोड बोलत होत्या की निकाल लागायची आशाच उरली नाही. सासरे खेळाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी खुंटीवरची जुनी शिट्टी काढली आणि जाहीर केलं, की शर्यत लावायची. जो जिंकेल तो टेबलावर.

दोघांना एकच चित्र दिलं. झबल्याच्या काठावर ओळीने चालणारी बदकं. शिट्टी वाजली. मी जिवाच्या आकांताने सुटलो. दोन बदकं झाली नाहीत तोच माझा श्वास कोंडला. डोकं इतकं तापलं की मीच माझा वेग कमी केला. नाहीतर जळून गेलो असतो. शेजारी पाहिलं, तर धाकटीही धापा टाकतेय. सासऱ्यांचा चहा झाला, आंघोळ झाली, तरी बदकं अर्ध्या वाटेतच.

सासरे उठले. माझ्या डब्याच्या मागे गेले आणि हवेच्या झरोक्यात खोचलेली दुपट्याची घडी बाहेर काढली. सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मग ते धाकटीच्या पडद्याकडे वळले. तिथे बदकांच्या मागे सूनबाईने तीन सिनेमे आवाज बंद करून लावून ठेवले होते.

"आयुष्यभर जिंकायला लबाडी करणारी पोरं पाहिली," सासरे म्हणाले. "हरायला लबाडी करणाऱ्या आज पहिल्यांदा बघतोय. आणि त्याही आपल्याच घरात."

सूनबाईला हसू फुटलं, मग सासूबाईंनाही. शर्यत पुन्हा ठरली. या वेळी सूनबाईने मला उघडलं आणि मऊ ब्रशने झाडलं. माझ्या पंख्यामागून तुशांची अशी जाड गादी निघाली, की त्यात बाहुली झोपली असती. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. घरघर मात्र गेली नाही, कारण पंख्याचा आस कोरडा पडला होता आणि त्याला तेल हवं होतं.

पहिल्या फेरीत नुसती बदकं होती. मी नखभर पुढे राहिलो. दुसऱ्या फेरीत बदकांचे टाके करायचे आणि त्याच वेळी यंत्रही चालवायचं. रोजचं काम असंच असायचं, म्हणून खरा निकाल याच फेरीवर होता. धाकटीने एक काम एका हाताला दिलं, दुसरं दुसऱ्या हाताला, आणि शांतपणे दोन्ही संपवली. मी मात्र एकदा इकडे धावे, एकदा तिकडे. हरलो. लबाडी नाही, तक्रार नाही. सरळ हरलो.

सासऱ्यांनी निकालाची शिट्टी जोरात फुंकली. सवय जाते थोडीच. सासूबाईंनी माझ्या डब्यावर एकदा हात ठेवला आणि मला बंद केलं.

त्या शिट्टीने बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. आईने खांद्यावर घेतलं, आजीने गाणं म्हटलं, आजोबांनी तर बदकासारखं चालून दाखवलं. बाळ थांबेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, तुमचं चालू द्या, मी तोवर याच्यातली चित्रं हिच्या कॉम्प्युटरात भरून घेते. त्यांनी माझं बटण दाबलं.

घर्रर्र.

बाळ गप्प. मान माझ्याकडे. मग एक जांभई, आणि डोळे मिटले.

सूनबाईने मला बंद करून पाहिलं. बाळाने भोकाड पसरलं. पुन्हा चालू केलं. शांत. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आई, हा कुठे जात नाही. पोटात असल्यापासून बाळाने याचाच आवाज ऐकलाय."

तेव्हापासून टेबल धाकटीचं आहे आणि मी पाळण्याखाली असतो. बदकं ती करते. मी बाळ झोपवतो. आणि या कामात, तुमच्याजवळ म्हणून सांगतो, तिचे दोन्ही कोअर माझ्यापुढे काही नाहीत. सासरे अजून कानात कापूस घालतात, पण आता चकार शब्द काढत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा म्हातारा घरघरत असेल. त्याला हळू म्हणून हिणवण्याआधी उघडून बघा, त्याचा श्वास कशाने कोंडलाय ते. मऊ ब्रशने धूळ झाडा, मागे मोकळी हवा ठेवा. माझ्या पंख्याला मात्र तेल घालू नका. घालायचंच असेल, तर आधी बाळाला विचारा. आत्ता नको, आत्ता ते झोपलंय.