चौतीस नंबरचा गुडघा

मित्रांनो, माझ्यावर कधी कोणी ताट मांडले नाही की अभ्यासाची वही उघडली नाही. मी पट्ट्या बांधायचे टेबल आहे. मेपलच्या लाकडाचे, कमरेइतके उंच, वर काळे रेक्झिन. पोर्ट हॅलोरन शहराच्या रिव्हेटर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या उपचारखोलीत मी सव्वीस वर्षे उभे होते.

ज्या गोदीत सरोवरातली मालवाहू जहाजे बांधली जात, तिथल्याच सुतारांनी मला घडवले. संघही गोदीच्या मालकानेच काढलेला होता. माझी खोली मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली होती. दार सहसा उघडेच असे आणि समोर लांब बोळ दिसे. त्या बोळाच्या भिंतीवर पाच तसबिरी होत्या. चेंडू पोटाशी घट्ट धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचे, आणि खाली पाडले जाईपर्यंत जितके यार्ड पुढे जाल तितके आपल्या नावावर, असा हा खेळ. एका हंगामात असे हजार यार्ड ज्यांनी काढले, त्यांनाच त्या भिंतीवर जागा मिळे. सगळ्या इतिहासात असे पाचच जण होते. संघाने अजिंक्यपदही एकदाच जिंकले होते, तेही मी जन्मण्यापूर्वी.

मला वापरणारा माणूस म्हणजे एमिल हुबाचेक. तो डॉक्टर नव्हता, पण खेळाडू त्याला डॉक म्हणत आणि ते त्याला आवडे. त्याच्या हातांची कीर्ती मोठी होती. घोट्याला पट्टी बांधायला त्याला दीड मिनिट लागे आणि पट्टीला एक सुरकुती पडत नसे. ही जागा त्याला कशी मिळाली तेही मी पाहिले होते. त्याच्या आधीच्या माणसाने एका खेळाडूला रविवारी खेळू नकोस असे सांगितले. संघ हरला. मंगळवारी त्या माणसाचे सामान खोक्यात भरून दाराबाहेर ठेवलेले होते आणि त्याच्या हाताखालचा एमिल त्याच्या जागी उभा होता.

१९६९ साली अलाबामाहून युजीन टॉलिव्हर आला. त्याचा नंबर चौतीस. माझ्यावर बसला की पाय हलवत राहायचा आणि एमिलची थट्टा करायचा. एमिल रोज दुपारी कांदा घातलेले सॉसेज खाई. टॉलिव्हर म्हणायचा, "डॉक, रविवारी तूच पुढे चल. तू नुसतं तोंड उघडलंस तरी समोरचे अकरा जण बाजूला होतील." एमिल त्याच्या पोटरीवर एक चापट मारी आणि हसे. मला तो पोरगा आवडत असे. तो उठताना माझ्यावरचा घाम टॉवेलने पुसून जाई. असे करणारा तो एकटाच.

१९७१ चा हंगाम फार वाईट गेला. दहा सामन्यांत दोन विजय. मुख्य प्रशिक्षक रॉय टॅकेट यांच्याबद्दल वर्तमानपत्रे रोज काहीतरी छापत. दाखवण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. टॉलिव्हरने दहा सामन्यांत सातशे साठ यार्ड काढले होते. टॅकेटनी वार्ताहरांना सांगून टाकले की डिसेंबरात बोळात सहावी तसबीर लागणार. तेव्हापासून शहरात कोणी विजयांबद्दल बोलेना. सगळे टॉलिव्हरचे यार्ड मोजू लागले.

दहाव्या सामन्यात दोन दांडगे खेळाडू बाजूने त्याच्या गुडघ्यावर पडले. सोमवारी सकाळी तो माझ्यावर आडवा झाला तेव्हा गुडघा पपनसाएवढा झाला होता. एमिलने सुई घालून दोन पेले तांबूस पाणी काढले. मग संघाचे डॉक्टर आले. त्यांनी मांडी एका हाताने दाबून धरली आणि नडगी बाहेरच्या बाजूला ढकलली. ती सरकली. पाय असा सरकत नाही हे मलाही एव्हाना कळत होते. डॉक्टरांनी टॉलिव्हरला गरम पाण्यात बसायला पाठवले आणि दार लावून घेतले. खोलीत टॅकेट होते, एमिल होता आणि मी.

डॉक्टर म्हणाले, "आतला बंध तुटलाय. सहा आठवडे प्लास्टर. असाच पळवलात तर उरलेलेही जातील आणि पोरगा जन्मभर लंगडेल."

"चार सामने राहिलेत," टॅकेट म्हणाले. "दोनशे चाळीस यार्ड."

"मी माझं सांगितलं," असे म्हणून डॉक्टरांनी बॅग उचलली. त्यांना आणखी कुठेतरी जायचे होते.

टॅकेटनी कपातली कॉफी संपवली. मग म्हणाले, "एमिल, त्याला सांग मुरगळलाय म्हणून. तुझं ऐकेल तो. आणि तुझ्या आधीचा माणूस आठवतोय ना तुला?"

एमिलने होकारार्थी मान हलवली.

टॉलिव्हर टॉवेल गुंडाळून आला आणि माझ्यावर चढला. त्याने विचारले, "कितपत आहे, डॉक?"

"मुरगळलाय. पट्टी आवळून बांधली की धावशील."

"आत काहीतरी सरकल्यासारखं वाटतं ते?"

"सूज आहे."

"फार दुखतंय रे."

"दुखणं अर्धं डोक्यातच असतं, पोरा," एमिल म्हणाला. त्याचे हात नेहमीसारखेच चालत होते. पट्टीला एकही सुरकुती पडली नाही.

त्याच आठवड्यात माझा मागचा एक पाय डुगडुगू लागला. टॅकेटच्या ते लगेच लक्षात आले. एखादा खेळाडू पडायचा, असे म्हणून त्यांनी दुपारीच सुताराला बोलावले. त्याने मला उलटे केले, पाय काढला, सरस लावून पुन्हा बसवला आणि सगळ्यांना बजावले की दोन दिवस याच्यावर वजन टाकायचे नाही. सगळ्यांनी ते पाळले. ते दोन दिवस टॉलिव्हरला जमिनीवर बसवून पट्ट्या बांधल्या.

पुढचे तीन रविवार सारखेच होते. सामन्याआधी सुई, बधिर करायला. मध्यंतरात दुसरी. सोमवारी पुन्हा पाणी काढायचे. टॉलिव्हरने थट्टा सोडून दिली. सुई आत जाताना तो टॉवेल दातांत धरी आणि माझी कड अशी पकडी की रेक्झिनला त्याच्या बोटांचे चार खळगे पडले. अकराव्या सामन्यात एकाहत्तर यार्ड, बाराव्यात अठ्ठावन्न, तेराव्यात सहासष्ट. दर सोमवारी संघाची आकडेवारी ठेवणाऱ्या मिसेस इर्मा डॉब्स चष्मा सावरत दारात येत. एकोणीस वर्षे त्या हे काम करत होत्या आणि त्यांच्या कागदावर खाडाखोड कधी कोणी पाहिली नव्हती. जखमींची नावे वाचून त्या खेळेल की नाही तेवढेच विचारत.

"टॉलिव्हर?"

"खेळेल," एमिल म्हणे, आणि त्या लिहून घेत.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. गारठा, वरून बर्फ मिसळलेला पाऊस, मैदानाचा सगळा चिखल. पंचेचाळीस यार्ड हवे होते. माझ्या डोक्यावर लोकांचे पाय वाजत होते आणि बोळातल्या रेडिओवर धावते वर्णन चालू होते. चौथ्या सत्रात तो एक हजार दोनवर पोचला. खेळ थांबवून तो चेंडू आठवण म्हणून त्याच्या हातात दिला गेला. वर चाळीस हजार माणसे पाय आपटू लागली, छतातून धूळ माझ्यावर पडली. आता त्याला बाहेर बसवतील असे मला वाटले. संघ चोवीस गुणांनी मागे होता. एका खेळीने काहीच बदलणार नव्हते. पण पुढच्याच खेळीत टॅकेटनी पुन्हा त्यालाच पळवले.

त्याला स्ट्रेचरवरून आणून माझ्यावर ठेवले. पाऊल भलत्याच दिशेला वळले होते. सुईचा असर अजून होता, म्हणून तो हसत होता.

"किती झाले, डॉक?"

"हजार दोन."

"आईला फोन कर कोणीतरी," तो म्हणाला. मग असर उतरू लागला. पुढचे मी सांगत नाही.

सोमवारी त्याच्या पायावर इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि बोळात सहावी तसबीर लागली. बुधवारी टॅकेट माझ्यावर पालथे पडून एमिलकडून पाठ चोळून घेत होते, तेव्हा मिसेस डॉब्स आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. सामन्याची फिल्म त्यांनी भिंग लावून तीनदा पाहिली होती. दुसऱ्या सत्रातली सहा यार्डांची एक धाव टॉलिव्हरची नव्हतीच. ती आमच्याच संघातल्या चोवीस नंबरच्या गॅन्झची होती. चिखलाने त्याच्या पाठीवरचा दोन तिनासारखा दिसला होता.

"नऊशे शहाण्णव होतात," त्या म्हणाल्या. "पण जाहीर झालंय सगळं. बिचारा इस्पितळात आहे. एकोणीस वर्षांत मी असं कधी विचारलं नाही, पण तुम्ही म्हणत असाल तर राहू देते."

टॅकेटनी मान न उचलताच विचारले, "एमिल, पुढच्या वर्षी पळेल का तो?"

"नाही," एमिल म्हणाला. "कधीच नाही."

"मग खरं काय ते लिहा, मिसेस डॉब्स. या क्लबात खोटं चालत नाही."

एमिलचे अंगठे त्यांच्या पाठीवर थांबले.

"थांबलास का?" टॅकेट म्हणाले. एमिल पुन्हा चोळू लागला.

त्याच दिवशी तसबीर उतरवली. खिळा चांगला पक्का होता, म्हणून तिथे घड्याळ लावले.

जानेवारीत टॉलिव्हर आला, दोन कुबड्या घेऊन. त्याला कामावरून कमी केल्याचे पत्र घरी पोचले होते आणि नऊशे शहाण्णवही त्याने पेपरात वाचले होते. पण तो त्यासाठी आला नव्हता. इस्पितळातल्या शल्यवैद्याने त्याला विचारले होते की हा बंध महिन्यापूर्वीच तुटलेला होता, तुला कोणी सांगितले नाही का. एमिल कात्र्या पुसत होता. टॉलिव्हरने कुबड्या भिंतीला टेकवल्या, दोन्ही हातांनी पाय उचलून माझ्यावर ठेवला आणि पँट वर केली. शिवण मांडीपासून नडगीपर्यंत होती.

"तुला माहीत होतं?"

एमिलने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "माहीत होतं."

"मग आता सांग. काय काय तुटलं ते. तेव्हा सांगायचं होतंस तसं सांग."

एमिल वाकला. बोटाने दाखवत त्याने एकेक सांगितले. हा आतला बंध, तो पहिल्याच दिवशी गेला. ही हाडांमधली गादी, ती बहुधा बाराव्या सामन्यात. हा मधला दोर, तो शेवटच्या दिवशी. टॉलिव्हर शाळेतल्या मुलासारखा लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये एकदा त्याने थांबवून विचारले, अकराव्या सामन्यानंतर सांगितले असतेस तर? तर चालता आले असते नीट, एमिल म्हणाला.

टॉलिव्हरने पँट खाली केली. "मी त्या पायाला शिव्या द्यायचो, डॉक. खोटं रडतोस म्हणायचो. आणि तुझा शब्द खरा धरायचो."

तो दारापाशी पोचला तेव्हा एमिल मागून म्हणाला, "माझी नोकरी गेली असती, युजीन."

"हो," टॉलिव्हर म्हणाला. "गेली असती."

बोळातून जाणाऱ्या कुबड्यांचा आवाज मला शेवटपर्यंत ऐकू आला. तो पुन्हा कधी आला नाही.

टॅकेटना त्याच उन्हाळ्यात काढले. एमिल मात्र टिकला. आणखी चार हंगाम त्याने माझ्यावर माणसे आडवी केली, पट्ट्या बांधल्या आणि कितपत आहे असे कोणी विचारले की हातातल्या कामाकडे पाहत उत्तर दिले. तो निवृत्त झाला तेव्हा क्लबाने वरच्या सभागृहात त्याचा सत्कार केला. मिसेस डॉब्सनी सगळे जुने कागद चाळून त्याच्या कामाचा हिशेब काढून दिला होता. मग पाहुणे छायाचित्रासाठी खाली आले आणि त्याला माझ्याशेजारी उभे केले. त्याच्या हातात पितळी पाटी होती. तिच्यावर कोरले होते, की एमिल हुबाचेक यांच्या बावीस हंगामांत दुखापतीमुळे खेळाडूंचे जितके कमी सामने चुकले, तितके कमी दुसऱ्या कोणत्याही संघात चुकले नाहीत. टॉलिव्हरचे शेवटचे चार सामनेही त्या हिशेबात खेळलेले म्हणून धरले होते. त्याने ते चुकवले नव्हते.

छायाचित्रकार म्हणाला, "डॉक, जरा हसा." एमिल हसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

क्लबाने नवे मैदान बांधले आणि मला गावातल्या एका शाळेला देऊन टाकले. आता माझ्यावर पंधरा-सोळा वर्षांची मुले चढतात. हलकी असतात, रेक्झिन दबतसुद्धा नाही. एखाद्याचा घोटा सुजलेला असतो आणि तो आधीच सांगून टाकतो, काही नाही सर, शुक्रवारी खेळतो. सर त्याच्याकडे पाहतात, मग भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहतात. ती दुसरी नजर मला चांगली ओळखता येते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही; माझी काळजी नेहमीच घेतली गेली. पण तुमच्यासमोर आडवे पडून कोणी विचारले, माझे कितपत आहे, तर जे असेल ते त्याला सांगा. शुक्रवार जाऊ दे, पाटी जाऊ दे, वेळ आली तर जागाही जाऊ दे. मी लाकूड आहे. मला सगळे कळत होते आणि एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला तोंड आहे.